वीस अंशांचा कप्पा

धनराज भोयेंच्या घरात नादुरुस्त वस्तू एकही नव्हती. सगळ्या दुरुस्त केलेल्या होत्या, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू वापरायची एक रीत होती. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवायचा. कपाटाचं दार ओढण्याआधी बोटभर वर उचलायचं. पंखा आधी तीनवर लावून मग दोनवर आणायचा; थेट दोनवर लावला तर तो नुसता गुणगुणत बसे. पाहुणे आले की त्यांना पाणी देतानाच आशा न्हाणीघराच्या कडीविषयी दोन वाक्यं सांगून ठेवी. पंधरा वर्षांच्या संसारात तिला या सगळ्या रीती पाठ झाल्या होत्या.

धनराज नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये होता. तिथे चौदा वर्षांत त्याच्या हातचं काम परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. टूलरूमला लागून मापांची खोली होती आणि तिथे बारा महिने, चोवीस तास तापमान वीस अंश. बाहेरून आलेला तुकडा आधी रात्रभर त्या खोलीत ठेवायचा, खोलीइतका होऊ द्यायचा आणि मगच त्याला माप लावायचं, असा नियम. त्याला ‘सोक करणं’ म्हणत. धनराजला हा नियम फार आवडायचा. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेला हा माणूस, पहिल्या दिवशी त्या खोलीत त्याला हुडहुडी भरली होती. आता त्याला बाहेरच्या हवेतच काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

आशाही सुरगाण्याकडचीच. पेठच्या आश्रमशाळेत शिकली, नाशिकला येऊन बी.एस्सी., बी.एड. झाली आणि सिडकोतल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवू लागली.

२००३ च्या दिवाळीत दोघांनी एक जुनी गाडी घेतली. बारा वर्षांची, पांढरी, एकाच बाजूला आरसा असलेली. चालायला बरी होती. खोट एकच, डाव्या सीटसमोरच्या कप्प्याचं झाकण खडखडायचं. पहिल्या रविवारी त्र्यंबकला जाऊन येईपर्यंत धनराज एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने झाकणावर एक बोट ठेवून ते इकडेतिकडे हलवलं.

“दोन एमएमचा प्ले आहे,” तो म्हणाला. एखाद्या नातेवाइकाचा रिपोर्ट वाचून दाखवावा, तशा आवाजात.

“कागदाची घडी घालून खोचा ना,” आशा म्हणाली.

त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

जानेवारीत त्याने झाकण काढून कारखान्यात नेलं. साहेबांना विचारून दोन रात्री मापांच्या खोलीत ठेवलं. झाकण प्लास्टिकचं, रुंदी तीनशे बारा मिलिमीटर. मग पितळेच्या दोन पट्ट्या घासून तयार केल्या आणि कप्प्याच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना, डॅशबोर्डच्या पत्र्यावर, आतून बसवल्या. आता झाकण त्या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसे आणि दोन्हीकडची मिळून मोकळी जागा राहे एका मिलिमीटरचा पाचवा भाग. बिजागरीचे जुने स्क्रू टाकून त्याने नवे घातले, तेही आतून, म्हणजे बाहेरून कुणाला खोलता येऊ नयेत.

त्याने आशाला हाक मारून दाखवलं. झाकण टिक असा बारीक आवाज करून बंद झालं. आशाने पितळ पाहिलं, प्लास्टिक पाहिलं आणि “छान बसलंय,” म्हणाली. या वाक्याची तिला पुढे बराच काळ लाज वाटायची होती.

धनराज कामावर कंपनीच्या बसने जाई, आशाची शाळा चालत दहा मिनिटांवर. गाडी एरवी ताडपत्रीखाली असे. रविवारी सकाळी बाहेर पडे आणि ऊन चढायच्या आत परत येई. मार्चमध्ये एकदा दुपारी झाकण जड गेलं होतं. “नवीन आहे. बसेल,” धनराज म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यवस्थित उघडलं, म्हणजे ते बसलं असं ठरलं.

एप्रिलमध्ये आशाकडे दहावीच्या विज्ञानाच्या दोनशे बारा उत्तरपत्रिका तपासायला आल्या. तपासून झाल्या की त्या मॉडरेटरकडे न्यायच्या असतात. मॉडरेटर त्यांतल्या काही पुन्हा पाहतात, गुण बरोबर दिलेत का ते ठरवतात, याद्यांवर सही करतात आणि मग सगळं पुढे जातं. आशाच्या मॉडरेटर विंचूरच्या लताबाई केदारे होत्या. शनिवारी चार वाजता त्यांच्या दारात जीप येणार होती आणि तालुक्यातलं सगळं साहित्य घेऊन जाणार होती. त्या जीपमध्ये ज्यांच्या गुणांच्या याद्या गेल्या नाहीत, त्यांचा निकाल राखून ठेवला जातो. राखून ठेवलेला निकाल लागायला कधीकधी ऑगस्ट उजाडतो, आणि तोवर अकरावीचे प्रवेश होऊन गेलेले असतात. दोनशे बारा मुलं. आशाने ती कधी पाहिली नव्हती, पण तीन आठवडे त्यांचं अक्षर वाचून तिला ती माहितीची झाली होती.

याद्या एका मोठ्या पाकिटात होत्या. त्या यंत्राने वाचायच्या, म्हणून त्यांना घडी घालायची नाही, टाचणी लावायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही. कोऱ्या याद्या मोजून मिळतात. दुसरा संच मिळत नाही.

शनिवारी सकाळी लवकर धनराजने उत्तरपत्रिकांचं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं. आशा पाकीट घेऊन आली.

“कप्प्यात ठेव,” तो म्हणाला.

“मांडीवर घेते.”

“दोन तास मांडीवर? वारा लागेल, घाम लागेल.”

“लागू दे. मांडीवर बरं.”

“कप्पा मी केलाय म्हणून?”

आशाला यावर खरं उत्तर देता आलं असतं. पण शनिवारची सुटी टाकून तो तिच्यासाठी विंचूरपर्यंत गाडी चालवणार होता. तिने पाकीट कप्प्यात उभं ठेवलं, झाकणाला अगदी लागून, म्हणजे वाकणार नाही. धनराजने हात लांब करून झाकण लावलं. टिक.

“बघ,” तो म्हणाला.

निघता निघता चहा झाला, मग शेजारच्यांनी निफाडला द्यायचा एक डबा दिला, आणि सातचे साडेनऊ झाले. निफाडच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. सगळे विंचूरच्या बाजाराला निघालेले, आणि त्यांतला एक आडवा झालेला. सव्वा तास गाडी उन्हात उभी राहिली. काळ्या डॅशबोर्डवर हात टेकवत नव्हता. कांद्याचा उग्र वास, इंजिनाचा धूर. धनराजने रुमाल ओला करून मानेवर टाकला. कप्पा मुळीच खडखडत नव्हता. हे त्याने दोनदा बोलून दाखवलं.

साडेबाराला ते लताबाईंच्या दारात पोचले. लताबाई ओट्यावर उभ्याच होत्या. पन्नाशी उलटलेली, चश्म्याला दोरी, हातात हिरव्या शाईचं पेन. मॉडरेटरने हिरव्याच शाईने लिहायचं असतं.

“या, भोये मॅडम. उशीर केलात. गाठोडं आत घ्या. याद्या?”

“कप्प्यात आहेत बाई. आणते.”

खटका फिरला. झाकण आलं नाही. आशाने पुन्हा फिरवला, ओढला. धनराज उतरून तिच्या बाजूला आला, “सर जरा,” म्हणाला, आणि त्याने ओढलं. मग वरून थापट मारून ओढलं. मग कान लावून खटका फिरवून पाहिला.

“खटका बरोबर आहे,” तो म्हणाला. “झाकण येत नाही.”

“ते दिसतंय,” आशा म्हणाली.

लताबाई ओट्यावरून खाली आल्या आणि वाकून आत पाहू लागल्या. “याद्या आत आहेत?”

“हो.”

“आणि कप्पा उघडत नाही.”

“हो.”

“सत्तावीस वर्षं मी हे काम करते,” लताबाई म्हणाल्या. “संप पाहिला. गोदेचा पूर पाहिला. एकाचा पेपर शेळीनं खाल्ला होता, तोही निस्तरला. कप्पा पहिल्यांदा बघतेय. कुणाकडून करून घेतलात?”

धनराज खिशातली सहा इंची पट्टी काढून झाकणाच्या कडेला लावत होता. “मीच केलाय मॅडम.”

“असं,” लताबाई म्हणाल्या.

बिजागरीचे स्क्रू आतून होते. स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उपटायचं म्हटलं तर पाकीट झाकणाला टेकूनच उभं होतं, आणि ते तसं ठेवणारी आशाच होती. तिने झाकणावर तळवा ठेवला. चटका बसला. तळव्याखाली झाकण सपाट लागलं नाही. मधे किंचित फुगीर होतं, पुरी फुगायच्या बेतात असते तसं.

ती सरळ उभी राहिली. “अहो, झाकण मोजलंत कुठे?”

“खोलीत. सोक करून.”

“आणि कप्प्याचं तोंड?”

“घरीच. सकाळी सातला. चौदा-पंधरा डिग्री असेल, म्हणून पत्र्याचं करेक्शन लावून वीसला आणलं.” त्याचा आवाज थोडा दुखावलेला होता. “माप चुकलेलं नाही आशा. वीस डिग्रीला बरोब्बर आहे.”

“आत्ता गाडीत किती असेल?”

धनराजने आधी तिच्याकडे, मग वर सूर्याकडे, आणि मग कप्प्याकडे पाहिलं. चौदा वर्षं वीस अंशांत काम केलेल्या माणसाला जगात इतरही तापमानं आहेत हे आठवायला जेवढा वेळ लागेल, तेवढा लागला.

“पितळ नाही फार वाढत,” तो शेवटी म्हणाला.

“प्लास्टिक वाढतं.”

आशाने लताबाईंकडून पाठकोरा कागद घेतला आणि गाडीच्या टपावर ठेवायला गेली. टप तापलेला होता, म्हणून वहीवर ठेवून मांडलं. वीसवरून अंदाजे साठ, फरक चाळीस. झाकण जवळजवळ नऊ दशांश मिलिमीटर वाढलेलं. पत्र्याचं तोंड वाढून वाढून दीड दशांश. मोकळी जागा दोन दशांश.

“अर्धा मिलिमीटर अडकलंय,” ती म्हणाली.

“अर्धा एमएम इंटरफिअरन्स!” धनराजच्या स्वरात भीती होती आणि थोडा आदरही. “हे तर हातानं निघणारच नाही.”

“गार झालं की निघेल का?” लताबाईंनी विचारलं.

“निघेल.”

“कधी गार होईल?”

“रात्री.”

“जीप चारला आहे.”

बर्फ मिळाला नाही. सकाळपासून वीज गेलेली, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये सगळ्या बाटल्या कोमट. लताबाईंनी माठातलं पाणी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. आशाने पिळून घडी झाकणावर ठेवली. पहिल्या मिनिटात बरं वाटलं. दुसऱ्या मिनिटात पाण्याचा एक थेंब झाकणाच्या वरच्या फटीशी आला, थांबला, आणि फुगीर झाकणावरून खाली यायच्या ऐवजी आत जायचा विचार करू लागला. आशाने फडकं झटकन उचलून तो पदराने टिपला.

“नको,” ती म्हणाली. “पाणी नको.”

तिघंही कप्प्याकडे बघत उभी राहिली. घड्याळात सव्वा झाला होता. ऊन अजून वर चढायचं होतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा पाऊण होणार होता. आशाच्या डोळ्यांसमोर दोनशे बारा निकालपत्रांच्या जागी दोनशे बारा छापील चिठ्ठ्या आल्या. ज्या मुलीने आकृतीतल्या प्रत्येक बाणाला वेगळा रंग दिला होता, तिला एक. ज्याने शेवटच्या पानावर ‘बाई पास करा, मी शेतात काम करून अभ्यास केला आहे’ असं लिहिलं होतं, आणि जो तसाही पास झाला होता, त्यालाही एक.

“विंचुरात वीस अंश कुठे मिळतील?” तिने विचारलं.

“माणसांना? एप्रिलमध्ये?” लताबाईंनी चश्मा काढून पुसला. “कुठेच नाही.” मग तो पुन्हा घातला. “द्राक्षांना मिळतात.”

द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज गावाबाहेर दीड मैलावर होतं, वीज गेली तरी जनरेटरवर चालणारं. हंगाम संपत आलेला. तिथला मॅनेजर मल्हारी हा लताबाईंचा जुना विद्यार्थी. विंचुरात त्यांचा जुना विद्यार्थी नसलेला माणूस सापडणं कठीण होतं. लताबाई मागच्या सीटवर गाठोड्याशेजारी बसूनच आल्या. याद्या त्यांच्या नजरेआड होता कामा नयेत, आणि वाया घालवायला वेळ नव्हता, म्हणून वाटेत त्यांनी एक उत्तरपत्रिका काढून तपासायला सुरुवातही केली.

“धनराजभाऊ, तुम्ही समोर बघा,” त्या म्हणाल्या. “गोपनीय आहे.”

“समोरच बघतोय मॅडम. गाडी चालवतोय.”

मल्हारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे बाई, कप्पा गार करायचाय.”

“हो.”

“आन् कप्पा गाडीला हाय.”

“हो.”

“म्हंजे गाडी चेंबरात घालायची.” त्याने डोकं खाजवलं. “दोन नंबरचं रिकामं हाय. पर इंजन चालू नाय करायचं. पेट्रोलचा वास द्राक्षाला लय लवकर धरतो. ढकलत न्यावी लागंल.”

“तापमान किती आहे?” धनराजने विचारलं.

“दोन.”

“वीस होईल का?”

“साहेब, वीस म्हंजे द्राक्षाला ताप आला म्हनायचा.”

चेंबरच्या दाराची रुंदी धनराजने मल्हारीच्या टेपने तीनदा मोजली. एक मीटर बावन्न. गाडी एक मीटर चव्वेचाळीस. आरसा आत दुमडून घेतला. पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून दारात जमल्या होत्या.

“गाडी एक्सपोर्टला चालली का वं?” एकीने विचारलं.

“आधी गार करत्यात, मंग लंडनला धाडत्यात,” दुसरी म्हणाली.

“माणसं काढून धाडा मंग. माणसांला तिकडं भाव नाय.”

चार हमाल मागून ढकलत होते. धनराज स्टिअरिंगवर, मान खिडकीबाहेर. दोन्ही अंगांना चार-चार सेंटिमीटर. “हळू... हळू... थांबा. एक बोट डावीकडे. आता द्या.” गाडी कुठेही न घासता आत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखं काय झालं ते धनराजला कळलं नाही. आठ सेंटिमीटर मोकळी जागा म्हणजे त्याच्या दृष्टीने मैदान होतं.

मल्हारीने तीन कामगारांचे जाड कोट आणून दिले, दिवा चालू ठेवला, दार ओढून घेतलं. दोन वाजून पाच मिनिटं.

आत पंख्यांची घरघर होती. धनराजने गाडीच्या चारी काचा खाली केल्या. पहिली पाच मिनिटं फार सुख वाटलं. नंतर आशाच्या चपलेतल्या बोटांना कळायचं बंद झालं. मागे लताबाई कोटावरून शाल गुंडाळून एकेक उत्तरपत्रिका पाहत होत्या. पेन चालेना, तेव्हा त्यांनी ते दोन्ही तळव्यांत घुसळून पाहिलं, मग तोंडाने वाफ दिली.

“भोये मॅडम, हे बघा. रुळांमध्ये फट का ठेवतात, शास्त्रीय कारण लिहा, दोन गुण. याला तुम्ही एक दिलाय.”

“काय लिहिलंय?”

लताबाईंनी वाचलं. “‘लोखंड उन्हात वाढते. त्याला वाढायला जागा पाहिजे. जागा नाही दिली तर ते वाकडे होते पण ऐकत नाही.’”

“प्रसरण हा शब्द नाही,” आशा म्हणाली. “उदाहरण नाही.”

“कळलंय का पण त्याला?”

आशाने समोरच्या फुगीर झाकणाकडे पाहिलं. “कळलंय,” ती म्हणाली. “आमच्यापेक्षा आधी कळलंय.”

लताबाईंनी हिरव्या शाईने एकचे दोन केले. धनराज समोर बघत होता. भिंतीवरच्या तापमापकाकडे.

अडीचला आशाने खटका फिरवून ओढलं. झाकण जागचं हललं नाही.

“ओढू नको,” धनराज म्हणाला. “वरून गार लागतंय, मधपर्यंत नाही पोचलं. डॅशबोर्ड अजून ऊन धरून आहे.”

तीनला पुन्हा. नाही. फुगीरपणा कमी झाला होता, की तिला तसं वाटायला हवं होतं, हे तिला सांगता येईना. तापलेली चीज किती वेळात किती निवते याचं गणित तिला येत होतं, पण त्यात जे आकडे घालायचे ते इथे कुणाला माहीत नव्हते. लताबाईंचं पानं उलटणं थांबलं. चारच्या आत इथून घर गाठायचं, याद्यांशी ताळा करायचा, सह्या करायच्या. त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि हात पुन्हा शालीत घातला.

तीन वाजून दहा मिनिटांनी धनराज उतरला. मागून डिकीतून काहीतरी काढून आशाच्या बाजूला आला आणि खिडकीतून हात आत केला. हातात मोठा स्क्रूड्रायव्हर होता.

“वरचा डावा कोपरा,” तो म्हणाला. “तिथं पाकीट लागत नसेल. झाकण तुटेल, तुटू दे. एक फटका मी मारतो, नाहीतर तू मार.”

पंधरा वर्षांत त्याने स्वतःच्या हातचं काही मोडलेलं तिने पाहिलं नव्हतं. कोटाच्या बाहीतून बाहेर आलेलं त्याचं मनगट निळसर पडलं होतं. त्याने डोळे झाकणावरून काढून तिच्याकडे वळवले, तिथेच ठेवले.

पाकीट तिथं नसेल, हे ‘नसेल’ त्याचं होतं. ते ठेवलं होतं तिने. वाटेतल्या खड्ड्यांत कुठे सरकलं, दोघांनाही माहीत नव्हतं.

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पायाशी ठेवला.

“दहा मिनिटं थांबू,” ती म्हणाली. “सोक होऊ द्या.”

तो हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होता. तो येऊन आपल्या सीटवर बसला. मागून लताबाई म्हणाल्या, “दहा म्हणजे दहा.” पंखे घरघरत राहिले. आशाने दोन्ही हात काखेत घातले आणि सेकंद मोजले, शाळेत लंबकाचा प्रयोग घेताना मोजायची तसे, ओठ न हलवता.

नऊशेच्या पुढे गेल्यावर तिला कळलं की दहा मिनिटं केव्हाच झाली आहेत आणि लताबाईंनी आठवण केलेली नाही. तिने खटका फिरवला.

टिक.

झाकण आपल्याच वजनाने खाली आलं. पाकीट किंचित पुढे कललं आणि तिच्या मांडीवर आलं. कोरडं, सरळ, काठ न मुडपलेलं. आत ते वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सरकलेलं होतं.

धनराजने तो कोपरा पाहिला. मग खिशातली सहा इंची पट्टी काढली, झाकणाच्या जागेला लावली. “आता तीन दशांश मोकळं आहे,” तो म्हणाला. “एवढ्या गारठ्यात बरोबर आहे.”

“द्या इकडे,” लताबाई म्हणाल्या. “इथेच ताळा करते. घरी जाऊन करायला वेळ नाही.”

त्यांनी मागच्या सीटवर याद्या पसरल्या, बोट फिरवत गुण ताडले, ज्याचा एकचा दोन झाला होता त्याच्यापुढे हिरवी दुरुस्ती केली, पेनला दर चार ओळींनी वाफ दिली आणि शेवटी सही केली. सही थोडी थरथरली होती. त्याखाली त्यांनी तारीख घातली. जागा मात्र ‘विंचूर’ एवढीच लिहिली.

तोपर्यंत धनराजने उजवीकडची पितळी पट्टी खोलून खिशात टाकली होती. “डावी राहू दे,” तो म्हणाला. “एका बाजूला जागा मिळाली की पुरे.”

“राहू दे,” आशा म्हणाली.

गार कागद बाहेरच्या हवेत नेला तर त्यावर दव धरेल का, याचा तिने विचार केला. हवा कोरडी होती, तरी तिने मल्हारीकडून द्राक्षं गुंडाळायचा प्लास्टिकचा जाड कागद मागून घेतला, पाकीट त्यात घातलं आणि ते द्राक्षांच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलं. गाडी ढकलत बाहेर काढली तेव्हा काचा एकदम धुरकट झाल्या. बायका अजून दारात होत्या.

“झाली का गार?”

“झाली.”

“आता लवकर धाडा, नायतर नासंल.”

पेटी या वेळी आशाने मांडीवर घेतली. धनराजने गाडी चालू केली.

चाराला चार कमी असताना ते लताबाईंच्या दारात पोचले. जीप येऊन उभीच होती. गाठोडी उचलायला आलेला फकिरा नावाचा शिपाई सावली शोधून ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. सकाळपासून त्याने सात गावं केली होती आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. परत द्यायचे राहिलेले कोट हातावर घेतलेल्या, नाकं लाल झालेल्या तीन माणसांकडे त्याने पाहिलं, पण विचारलं नाही. गाठोडं मोजून जीपमध्ये टाकलं. आशाने पेटी उघडली, प्लास्टिक सोडवलं आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

फकिराने ते घेतलं आणि थबकला.

“गार लागतंय,” तो म्हणाला.

“हो,” लताबाई म्हणाल्या.

तो पुढचं काही येईल म्हणून थांबला. आलं नाही. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाकीट उचललं, डोळे मिटून आधी मानेच्या उजव्या बाजूला लावलं, मग डाव्या.

“घडी पडेल,” आशा, लताबाई आणि धनराज एकदमच म्हणाले.

त्याने दचकून डोळे उघडले आणि पाकीट सपाट धरून जीपमध्ये ठेवून दिलं.